पारूच्या अंगात देवी नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीला सांगावं लागलं, तेवढंच. मी शिकलेला माणूस नाही, जसं येतं तसं लिहितो.

कर्जतजवळच्या आमच्या गावात पालखी निघाली की माझी बायको, पारू, पुढं नाचायची. नाचता नाचता छातीला हात लावायची — आणि कोसळायची. गाव म्हणायचं, देवी आली. बाया तिच्या पायावर पाणी घालायच्या, ओटी भरायच्या. पालखी पहिली आमच्या दारात थांबायला लागली. आमच्या! ज्यांना कधी कुणी पुढं बसवलं नव्हतं. मला ते आवडलं. का नाही आवडणार?

पण भात झोडतानाही ती एकदा पडली. तिथं कुठली देवी? कर्जतच्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात धाडलं. हातातून औषध सोडून काळजाचे फोटो काढले. पारू बाहेर बाकावर. मला एकट्याला आत बसवून तिथल्या डॉक्टरनं समजावलं — काळजाला रक्त देणारी नस जन्मापासूनच चुकीच्या जागेवरून निघालीय, दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते. अंगाला ताण पडला की चेपते. असं क्वचितच कुणाला असतं, ऑपरेशननं सुधारतं. तोवर नाचणं बंद. मुलांनाही तपासून घ्या.

मी बाहेर आलो आणि पारूला म्हणालो, काही निघालं नाही.

ऑपरेशनची भीती वाटली म्हणू? खोटं होईल. दारात थांबणारी पालखी मला सोडवेना — एवढंच.

पुढच्या पालखीला ती पडली, ती उठलीच नाही. देवीनं नेली, म्हणाले. मी मान डोलावली.

मग आमची छाया, खालापूरला दिलेली — एसटी पकडायला धावली आणि स्टँडवरच पडली. सासू हरखली. आईचं वारं लेकीत आलं म्हणत ओटीचं सामान काढून बसली. मी पोचलो तेव्हा छाया पाटावर, केस मोकळे सोडलेले.

"ऊठ गं," मी म्हणालो. "देवी नाय ही. नस हाय. तुझ्या आईला बी तीच व्हती."

"आईला ठाव व्हतं?"

"नाय. मला व्हतं."

ती उठली. केस बांधले, चप्पल घातली, जावयाबरोबर तपासायला गेली. तीच नस निघाली. डॉक्टरांनी छाती उघडून नसेची वाट मोकळी केली. आता छाया हंडा घेऊन चढ चढते, मध्ये थांबत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मला झोप लागायला लागलीय. हलकं वाटतं — सांगायला लाज वाटते, पण वाटतं.

गावात अजून पारूच्या फोटोला हळदकुंकू लावतात. तिच्या अंगात देवी नव्हती. ती आजारी होती. त्यावर उपाय होता, आणि तो मला ठाऊक होता.