हार नीट घातला नाही म्हणून

तात्यांना आलेल्या नोटिशीतलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. "आपल्या निष्काळजीपणामुळे टेलिफोन यंत्रणेचा पासवर्ड उघड होऊन यंत्रणेचा गैरवापर झाला, सबब आपणास कामावरून कमी का करण्यात येऊ नये?" ती नोटीस त्यांना मीच वाचून दाखवली, कारण तात्यांना दिसत नाही. जन्मापासूनच दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्यानं पासवर्ड जगाला दाखवला, असा तो आरोप होता. वाचताना मी दोनदा अडखळले. तात्यांना वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते.

तात्या बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहेत. वीसेक वर्षं झाली, पण करार दर दिवाळीला नवा होतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तिथं तीन महिने जात होते. सकाळची एसटी धरून लासुर्ण्याहून यायचं, दुपारपर्यंत कॉलेज, मग दवाखाना. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुठल्याही ऑफिसात शिरताना मला आजही वाटतं, आता कुणीतरी विचारणार, काय काम आहे? तात्यांनी पहिल्या दिवशी वेगळंच विचारलं.

"इंदापूर रोडची हायेस न्हवं?"

"हो. लासुर्णे. कसं ओळखलं?"

"हो म्हणलीस त्यावरनं. दाढ दुखत आसल्यागत म्हणलीस. व्हय म्हण की मोकळं. हितं कोण फी मागत न्हाय."

फोन वाजला की समोरच्यानं दोन शब्द बोलायच्या आत तात्या म्हणायचे, "बोला आबा, आज गुडघा का कंबर?" डॉक्टरांचे, वॉर्डांचे, औषधाच्या दुकानाचे सगळे नंबर त्यांच्या डोक्यात. नव्या नर्सला नंबर हवा असला तर ती भिंतीवरचा तक्ता बघायची नाही, तात्यांना विचारायची.

पूर्वी तिथं बटणांचा मोठा बोर्ड होता. काही वर्षांपूर्वी तो काढून एक संगणक बसवला. दवाखान्यातले सगळे फोन आता त्या संगणकातल्या सॉफ्टवेअरवर चालतात. कुठला फोन कुठे वाजायचा, बाहेर कुठे लागायचा, सगळं तेच ठरवतं. त्याचं खोकं तात्यांच्या खोलीतच एका फळीवर होतं. पुण्याच्या एका कंपनीच्या इंजिनिअरनं ते बसवलं होतं, आणि विसरायला नको म्हणून पासवर्ड कागदावर लिहून त्यानंच खोक्याला समोरून चिकटवला होता.

माझं काम साधं होतं, सगळ्या एक्स्टेन्शनची यादी करणं. त्यासाठी मला त्या सॉफ्टवेअरचं पान उघडावं लागायचं. एका रविवारी घरी ओसरीवर बसून मोबाईलवर यादी तपासताना सवयीनं मी तेच पान उघडायला गेले, आणि ते उघडलं. दवाखान्यात नसताना. लासुर्ण्यात, म्हशीच्या गोठ्यासमोर. म्हणजे ते पान जगात कुणालाही, कुठूनही उघडत होतं. पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर होता. तो मी शोधला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच कितीतरी आधी जाहीर केलेलं होतं की या व्हर्जनमध्ये खोट आहे, पासवर्ड नसतानाही आत शिरता येतं, ताबडतोब अपडेट करा.

मी काही करून पाहिलं नाही. दुसऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणून आपण आत जायचं नसतं, एवढं मला कळतं. मी दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक साहेबांना सांगितलं. त्यांनी समोरच पुण्याला फोन लावून दिला.

"मॅडम," तो इंजिनिअर म्हणाला, "ते पान मीच बाहेरून उघडं ठेवलंय. नाहीतर प्रत्येक बारीकसारीक कामाला मला बारामतीला यावं लागेल."

"पण ते व्हर्जन जुनं..."

"चालतंय ना व्यवस्थित? मग चालत्या गाडीला खीळ कशाला? तुम्ही आधी डिग्री पूर्ण करा."

साहेब हसले. मीही हसले. याचा राग मला आजही येतो, की मी हसले.

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "तोंडी सांगून काय उपेग? अर्ज दे. आन् पोच घे." माझे वडील ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात, शिक्षण चौथी. रेशनकार्डावर माझं नाव घालायला त्यांनी दिलेला अर्ज दोनदा "आलाच नाही" झाला होता. तेव्हापासून आमच्या घरातून कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय जात नाही. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून परत आणायची. मी मराठीत दीड पानाचा अर्ज लिहिला. आवक-जावकच्या बाईंनी न वाचता शिक्का मारला. माझी प्रत मी फाईलमध्ये ठेवली. अर्जाचं पुढं काहीच झालं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मग दसरा आला. खंडेनवमीला दवाखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते, एक्स-रेपासून रुग्णवाहिकेपर्यंत. टेलिफोनच्या खोक्याची पूजा दरवर्षी तात्याच करतात. त्यांनी हातानं चाचपून कडा बघितल्या, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला आणि दवाखान्याच्या सोशल मीडियावर टाकला. फोटोत तात्या हात जोडून उभे होते, आणि हाराच्या बाजूला तो चिकटवलेला कागद होता, पासवर्डसकट.

पुढच्या सोमवारी सकाळपासून दवाखान्याला फोन लागेना. सगळ्या लाइन व्यस्त. तात्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "हे आपलं न्हाय. ह्यात आपलं माणूस न्हाय." कुणीतरी आमच्या यंत्रणेत शिरून तिच्यावरून परदेशातल्या नंबरांना एकामागून एक फोन लावत होतं. लाइन आमच्या आणि बोलणी त्यांची. पुण्याचा इंजिनिअर फोन उचलत नव्हता. दीड दिवस असंच चाललं, मग टेलिफोन कंपनीनं परदेशी फोन बंद केले तेव्हा थांबलं.

त्या सोमवारी दुपारी निरवांगीचे एक शेतकरी आईला घेऊन आले. दोन गाड्या बदलून. म्हातारीला धड उभं राहवत नव्हतं. तिचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. फोन लागला असता तर हे तात्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

"सकाळधरनं फोन लावतोय," ते तात्यांच्या खिडकीशी येऊन ओरडले. "उचलाय हात दुखत्यात व्हय?"

तात्या म्हणाले, "चूक झाली बापू. आईला हितं आत आणा, माझ्या खुर्चीवर बसवा." चूक त्यांची नव्हती. तरी ते तसं म्हणाले, आणि पुढचा तासभर उभे राहिले. मी तिथंच होते. माझ्या पिशवीत ती फाईल होती.

बुधवारी चौकशी झाली आणि गुरुवारी नोटीस आली. म्हणणं असं की पूजा तात्यांनी केली, फोटोत तात्या आहेत, पासवर्ड फोटोतून बाहेर गेला. कागद कुणी चिकटवला, फोटो कुणी काढला, पान बाहेरून उघडं कुणी ठेवलं, यातलं काही नाही. चौकशीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हार नीट घातला असता तर तो कागद झाकला गेला असता." कुणी हसलं नाही, कुणी उलट बोललंही नाही. मीही नाही. माझ्या प्रोजेक्टच्या प्रमाणपत्रावर त्याच साहेबांची सही व्हायची होती, आणि ती नसती तर वर्ष अडकलं असतं. हे कारण आहे. सबब म्हणून देत नाही.

नोटीस वाचून झाल्यावर तात्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "ह्या दिवाळीला पोरीचं बघायचं चाललंय. बाप काय करतो म्हणलं की काय सांगायचं?"

तेव्हा मी त्यांना अर्जाचं सांगितलं. सगळं, ओसरीवरच्या रविवारपासून. पासवर्डची गरजच नव्हती, हेही.

"म्हंजी तुला आधीपास्नं ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् काल साहेब हाराचं बोलला, तवा तू हितंच व्हतीस?"

"व्हय तात्या."

"मग गप का बसलीस?"

ते रागानं बोलले नाहीत. खरोखर विचारत होते. साहेबांचा, इंजिनिअरचा राग मला सांभाळता येत होता, पण हा माझा माझ्यावरचा राग कुठे ठेवावा ते कळेना.

दुपारी मी यंत्रणेतली फोनची नोंद छापली, माझ्याच कामाचा तो भाग होता. परदेशातला पहिला फोन खंडेनवमीच्या चार दिवस आधीचा निघाला. हाराच्या, फोटोच्या आधीचा. तो कागद आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तात्या म्हणाले, मीबी येतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आले.

साहेबांनी प्रत उलटसुलट केली. "हा अर्ज माझ्यापर्यंत आलाच नाही."

"शिक्का तुमच्याच दवाखान्याचा आहे, सर."

"शिक्के काय, बाई रोज मारते."

"मग रोज काय येतं ते कुणीतरी वाचायला नको का?" माझा आवाज चढला होता. मी आयुष्यात कुठल्याही साहेबाशी असं बोलले नव्हते. "पहिला फोन चार दिवस आधीचा आहे. तोवर फोटोच नव्हता. तात्यांचा हार काय चार दिवस आधी सरकला होता का?"

तात्यांचा हात खांद्यावर किंचित दाबला गेला. थांबवायला की पुढे ढकलायला, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

साहेबांनी इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. मी व्हर्जन नंबर सांगितला. तो म्हणाला, "हां, ते अपडेट राहिलं असेल. आत्ता करून टाकतो." वीस मिनिटांत झालं. वीस मिनिटं! त्यासाठी बारामतीला यावंसुद्धा लागलं नाही.

"बरं तात्या, नोटिशीचं मनावर घेऊ नका," साहेब म्हणाले. "फाडून टाका."

"फाडत न्हाय साहेब. नोटीस कागदावर आली, तर माघारीबी कागदावरच जाऊ द्या."

दोन दिवसांनी दोन ओळींचा कागद आला: सदर नोटीस रद्द समजावी. आणि चौकशीच्या अहवालात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" काढून तिथं "तांत्रिक कारण" लिहिलं. म्हणजे कुणाचाच दोष नाही. आंधळा माणूस असेपर्यंत दोषाला नाव होतं, तो निघाला तसं नावच गेलं. माझ्या प्रमाणपत्रावर सही झाली. बरोबरच्या मुलींना वर्तणूक "उत्तम" मिळाली, मला "समाधानकारक". तो शब्द मी वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कागद मिळाला न्हवं?"

रविवारी मी पुन्हा ओसरीवर बसून मोबाईलवर ते पान उघडलं. उघडू नये असं मनापासून वाटत होतं. उघडलं. तळाशी नवा व्हर्जन नंबर होता, पण पान तसंच साऱ्या जगाला उघडं. म्हणजे पुढची खोट कधी निघेल ती निघेल, तोवर दार सताड.

सोमवारी माझं तिथं काही काम नव्हतं, प्रोजेक्ट संपला होता. तरी मी, ते पान बाहेरून बंद करा, अशा नव्या अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले. तात्यांनी खाली कुणाची सही आहे ते विचारलं.

"माझी."

"त्याच्याखाली माझी जागा ठेव. अंगठा न्हाय, सही करतो मी."

त्यांनी माझं बोट धरून जागा शोधली आणि वाकडीतिकडी, पण पूर्ण सही केली. मग आम्ही आवक-जावकच्या खिडकीशी गेलो. बाईंनी त्यांच्या प्रतीवर शिक्का मारला आणि आमची पोचेची प्रत तशीच परत दिली.

"ताई," तात्या म्हणाले, "एकच वाजला. दुसरा मारा."