स्कर्टिंगच्या आतली हिरवी वायर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी वायरमन. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या आसपास कितीतरी घरांत मी बसवलेले सॉकेट आहेत. माझं काम साफ — असं लोक म्हणतात. भिंतीच्या पायाशी नवी, उंच स्कर्टिंग, म्हणजे फरशीची पट्टी, बसली, की खालचे सॉकेट तिच्या आड येतात. ते चार बोटं वर घ्यायचे, पट्टीच्या कडेशी अगदी समांतर. मला ते जमतं. जमतं, म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही.

मालतीबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. त्यांच्या घरी फरशीचं काम सिद्धप्पाकडे होतं. तो अक्कलकोटकडचा. आम्ही दहा-बारा वर्षं जोडीनं कामं केलेली, एका डब्यात जेवलेलो. त्याची स्कर्टिंग झाली आणि मी सॉकेट वर घ्यायला बसलो. हॉलमधल्या शेवटच्या सॉकेटची वायर तोकडी पडली. मी जोर लावून ओढली — आणि हिरवी, अर्थिंगची वायर पाइपातच तुटली. नवी ओढायची तर सिद्धप्पाची पट्टी फोडावी लागणार. दुसऱ्या दिवशी बाईंकडे पाहुणे. मी काय केलं? तुटकं टोक आत ढकललं, प्लेट लावली, स्क्रू आवळले. अर्थिंग नसलं तरी टीव्ही लागतोच की.

"रेघ ओढल्यासारखं बसवलंस रे," बाई म्हणाल्या. मी हसलो.

उन्हाळ्यात त्यांनी तिथं लोखंडी कूलर लावला. पाणी भरताना पत्र्यात करंट उतरला; तो जमिनीत न्यायला हिरवी वायर जोडलेली नव्हती. बाई फेकल्या गेल्या, खुब्याचं हाड मोडलं.

त्यांच्या मुलानं आम्हा दोघांना बोलावलं. प्लेट मीच उघडली. "ही तुटली कशी?" त्यानं विचारलं. माझ्या तोंडातून निघालं, "पट्टीसाठी भिंत कापताना कटर लागला असेल. आतून लागला, मला दिसलं नाही." 'असेल' म्हणालो. खोटं बोलतानाही स्वतःला निसटायला फट ठेवली होती, बघा.

सिद्धप्पा भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता, तर मी — नाही, ते राहू द्या. तो खाली बसला, वायरकडे बघत राहिला.

"लागला असंल की," तो म्हणाला. "माज्या ध्यानात आलं न्हाय."

विजेतलं मला कळतं, मी सांगतोय म्हणजे तसंच — एवढा त्याचा माझ्यावर विश्वास. तसाच तो दवाखान्यात गेला, बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मी शेजारी उभा होतो. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

नंतर त्यानं कटर विकून टाकला. हातात धरवेना म्हणाला. आता एका गोदामात फरशीच्या पेट्या उतरवतो. बाई वॉकर धरून चालतात. घरात काही बिघडलं की मलाच बोलावतात — आणि मी जातो.

परवा सिद्धप्पा भेटला. टपरीवर चहा घेताना मध्येच म्हणाला, "त्या बाई चालत्यात का आता?"

"चालतात."

"लई वंगाळ झालं माज्या हातनं."

मी चहा संपवला आणि कामाला गेलो.