बशीतला चहा आणि माझी मुलगी

माझी बायको सांगलीत एका दवाखान्यात नर्स आहे. माझं वडूजला झेरॉक्सचं दुकान. चार वर्षांची मुलगी माझ्याकडे राहायची. बालवाडी सुटली की दुकानात येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायची.

आमच्याकडे काम घेऊन आलेला माणूस आधी चहा सांगतो. नको म्हटलं तर त्याला राग येतो. "आवं, लेकीला बी बशीत वता की! बघा कशी टकामका बघतीया," असं कोणीतरी म्हणायचंच. मी ओतायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरात बोलायला कोणी नव्हतं. माझ्याबरोबर फुर्र करून चहा पिणारं तेवढंच एक माणूस होतं.

रोज चार-पाच बशा व्हायच्या. ती दुपारची झोपेनाशी झाली. भाकरी सरकवून द्यायची, उगाच रडायची. एकदा तिनं गिऱ्हाईकाच्या सातबाऱ्यावर रेघोट्या ओढल्या आणि मी तिच्या गालावर चापट मारली. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

बायको सुट्टीला आली, पोरीचा अवतार बघून आम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "चहा देता का हिला?" बायको शेजारीच होती. मी म्हणालो, "नाही."

मग रक्त तपासायचं ठरलं. शीर सापडेना. दोनदा सुई टोचली. ती किंचाळत होती, मी तिचा हात दाबून धरला होता आणि तरीही बोललो नाही. शेवटी हुंदके देत तीच म्हणाली, "बाबा, दुकानात चला ना. चहा पिऊ आपण."

"किती देत होता?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "एवढ्या लहान मुलांना चहा-कॉफी नकोच. झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते."

"मी तिथं लोकांची पोरं जपते," बायको एवढंच बोलली. संध्याकाळच्या एसटीनं ती मुलीला सांगलीला घेऊन गेली.

आता दर रविवारी मी जातो. गाडी पोचते दुपारी, आणि तेव्हा ती गाढ झोपलेली असते. बायको म्हणते, "उठवू का?" मी नको म्हणतो. तासभर उशाशी बसतो आणि परतीची गाडी धरतो.