क्षिप्रा आणि अफानचा नाखवा

आमची क्षिप्रा काय काम करते, हे मला आजही गावात कुणाला धड सांगता येत नाही. ती माझ्या भावाची मुलगी, मी तिची आत्या सरोजिनी. माझा जन्म गेला अलिबागला जिल्हा परिषदेत. नोकरी म्हणजे टेबल, फाइल आणि कुरकुरणारा साहेब, एवढंच मला ठाऊक. ही बया नागावात माझ्या पडवीत लॅपटॉप मांडून बसते, नारळ पडला तरी मान वर करत नाही, आणि पगार घेते पुण्याच्या कंपनीचा. काम काय, तर मोबाइलवरचा खेळ. खेळायचा नाही हं, सांभाळायचा.

‘रणवाट’ असं त्या खेळाचं नाव. इकडचे पाच, तिकडचे पाच, सगळे आपापल्या घरी बसून खेळतात. प्रत्येकाने आपला एक योद्धा निवडायचा आणि समोरच्यांचा दरवाजा फोडायचा. योद्धे पुष्कळ आहेत, पण त्यातला एखादा फार भारी पडायला लागला की जो तो त्यालाच घेतो आणि खेळातली मजा जाते. मग कंपनी अपडेट काढते. याची ताकद थोडी कमी, त्याचा वेग थोडा जास्त. किती कमी नि किती जास्त, हे ठरवणाऱ्या चार-पाच जणांत आमची क्षिप्रा.

“म्हणजे तू अंपायर,” मी म्हटलं.

“नाही आत्या. अंपायर नियम पाळायला लावतो. मी नियम बदलते.”

हे मात्र मला चटकन कळलं. आमच्याकडे कबड्डीची मॅट आली तेव्हा मातीवर वाघासारखे खेळणारे किती गडी घरी बसले, ते मी बघितलंय. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पायाखालची जमीन बदलली होती.

आणि हा तिचा स्वभावच. लहानपणी मे महिन्यात सगळी पोरं माझ्याकडे यायची, दुपारभर पत्ते चालायचे. स्वतः हरली तर हिला काही वाटायचं नाही. पण कुणी एकच सारखा जिंकायला लागला की हिचं सुरू, थांबा, नियम बदलूया. पोरं चिडायची. मीसुद्धा एकदा पत्ते फेकले होते, कारण जिंकत मी होते.

आता अफान. आमच्या वाडीला लागून जवेरियाचं घर आहे, मध्ये फक्त कुंपण. तिचा नवरा मोहम्मदभाई मस्कतला दुकानात आहे. जवेरियाचं नि माझं रोज सकाळी कुंपणावर बोलणं झालं नाही तर दोघींनाही चहा गोड लागत नाही. अफान तिचा एकुलता एक. बी.कॉम. झालेला, गोड पोरगा, आणि रणवाटमध्ये जिल्ह्यात त्याच्यासारखा कुणी नाही असं क्षिप्राच म्हणायची. अलिबागच्या चार मुलांबरोबर त्याची टीम होती.

मोहम्मदभाईंनी त्याच्यासाठी मस्कतला स्टोअरकीपरची जागा बघून ठेवली होती. अफानला जायचं नव्हतं. पुण्याला रणवाटच्या स्पर्धेची फायनल होती आणि जिंकणाऱ्या टीममधून जे खेळतील त्यांना एक क्लब पगारावर घेणार होता. बाप फोनवर म्हणाला, “क्लबने घेतलं तर राहा. नाही घेतलं तर मी तिकीट काढतो, मग कुरकुर ऐकणार नाही.” पोरगा कबूल झाला. जवेरिया तेव्हापासून रोज दुवा मागत होती. नवरा समुद्रापलीकडे, निदान मुलगा तरी डोळ्यांसमोर राहावा, याच्यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

क्षिप्राचं काम नीट समजणारा अख्ख्या नागावात अफान एकटा. दुपारी तो पडवीत यायचा, पायरीवर बसून खेळायचा आणि तिला दाखवायचा. त्याचा योद्धा होता नाखवा. हा नाखवा जाळं टाकतो, त्यात अडकलेल्याला हलता येत नाही. एकदा जाळं टाकलं की पुन्हा टाकायला बराच वेळ थांबावं लागतं. अफानने शोधून काढलं होतं की जाळं अर्ध्यातच ओढून घेतलं तर थांबावं लागत नाही, लगेच पुन्हा टाकता येतं. अरुंद वाटेवर उभं राहायचं, टाकायचं, ओढायचं, पुन्हा टाकायचं. समोरचे पाचही जण तिथेच रखडायचे आणि तोवर याची टीम हळूहळू दरवाजा पोखरायची. हे करायला बोटांत जादू लागते म्हणे.

“ताई, हे अजून कुणाला कळलेलं नाही. फक्त तुला दाखवतोय,” तो म्हणाला होता. मी सुपारी कातरत तिथेच बसले होते, म्हणून मला माहीत.

त्याची टीम एकामागून एक सामने जिंकत गेली. मग हरलेल्यांची बोंब सुरू झाली. नाखवा बंद करा, नाखव्यात काहीतरी घोळ आहे. पुण्याच्या ऑफिसात सगळे डोकं खाजवत बसले, कारण आकडे बघून नाखव्यात काही वावगं दिसत नव्हतं. क्षिप्राला मात्र ठाऊक होतं. तिने मीटिंगमध्ये सांगितलं, करूनही दाखवलं. मला हे तिने फार नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

आता यात तिचं चुकलं का? मी तिच्या बाजूने पुष्कळ विचार केला. काम तेच, पगार त्याचाच. आमच्याकडे खाडीवर कुणी मासे धरत असला तर त्याची जागा दुसऱ्याला सांगू नये म्हणतात, हे खरं. पण हिला मासे धरायचे नव्हते. खेळ सगळ्यांसाठी सारखा ठेवायचा होता. इथवर मी तिला दोष देत नाही.

ठरलं असं, की फायनलच्या आधी अपडेट येणार. जाळं अर्ध्यात ओढलं तरी पूर्ण वेळ थांबावं लागणार. शिवाय खेळ रेंगाळू नये म्हणून थोड्या वेळाने दरवाजे आपोआप कच्चे होणार. म्हणजे अफानची रखडवायची पद्धतच निकामी, आणि धावत जाऊन तोडफोड करणाऱ्या योद्ध्यांचे दिवस येणार. हे बाहेर बोलायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद. बोलली असती तर हिची नोकरी गेली असती, आणि आतली बातमी मिळवली म्हणून अफानची टीमही बाद झाली असती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हापासून क्षिप्रा बदलली. जेवताना ताटात बोट फिरवत बसायची. दुपारी पडवीऐवजी आतल्या खोलीत काम करायला लागली. मला वाटलं कुठे प्रेमबिम जमलंय की काय. मी दोन-तीनदा टोमणाही मारला.

आणि मग तो दिवस. जवेरियाने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं लोणचं पाठवलं होतं, ते घेऊन अफान आला. डबा माझ्या हातात दिला आणि थेट क्षिप्राच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, एक विचारू? आमचा कमलेश आहे ना, सहावा, जादा खेळाडू. तो म्हणतो, नाखव्यावरच अवलंबून राहू नकोस, वावटळ पण शिकून ठेव. दोघं मिळून सराव करू म्हणतो.” वावटळ म्हणजे पळणाऱ्यांतली एक योद्धी. “पण दोन्हीकडे हात मारला तर एकही धड यायचं नाही, असं मला वाटतं. तू सांग. नाखवा पुरे ना?”

क्षिप्राने लॅपटॉपवरून डोळे उचलले नाहीत.

“छान चाललंय की तुझं,” ती म्हणाली. “हेच पक्कं कर.”

“बस, मला एवढंच ऐकायचं होतं,” म्हणत पोरगा खूश होऊन गेला. मी म्हटलं, अगं त्याच्याकडे बघून तरी बोल. तर ही उठून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अपडेट आलं. दोन दिवसांत सगळ्या देशाने खेळायची तऱ्हा बदलली म्हणे. कालपर्यंत जो तो जपून पावलं टाकत होता, तो आता सुसाट पळायला लागला. वावटळ ज्याला येते तो राजा. अफान रात्रंदिवस वावटळ घेऊन बसला, पण बोटांना नाखव्याचं वळण पडलेलं, ते जाईना. कमलेशने आधीच सराव केलेला होता. टीमच्या कॅप्टनने, परेशने, अफानला फोन केला. फायनलला कमलेश खेळेल, तू जादा म्हणून ये.

अफानने हे घरी सांगितलं नाही. पुण्याला गेला तो हसत गेला. फायनल आम्ही माझ्या पडवीत क्षिप्राच्या लॅपटॉपवर बघितली. जवेरिया नवा दुपट्टा घेऊन आली होती. तिला नि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, नुसती पळापळ दिसत होती. अलिबागची टीम जिंकली. जवेरियाने टाळ्या पिटल्या, माझा हात धरून दाबला आणि क्षिप्राला विचारलं, “ह्यातला माझा अफान कुठला गं?”

क्षिप्रा म्हणाली, “मावशी, तो खेळला नाही आज.”

जवेरियाचा चेहरा मला बघवला नाही. जे पाच खेळले त्यांना क्लबने घेतलं. सहाव्याला कशाला घेतात. मोहम्मदभाई शब्दाचे पक्के, त्यांनी त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

तिकीट निघालं त्या संध्याकाळी क्षिप्रा माझ्यापाशी येऊन बसली आणि सगळं ओकली. जाळ्याची युक्ती मीटिंगमध्ये सांगितली ते, अपडेटचं आधीपासून माहीत होतं ते. ऑफिसात तिचं कौतुक झालं होतं, इतकं चांगलं अपडेट वर्षभरात झालं नव्हतं म्हणून. ते सांगताना तिला हुंदका आला. “आत्या, मला स्वतःची शिसारी येते गं.”

“अगं, गप्प राहणं तुझं काम होतं,” मी म्हटलं. “पण ‘हेच पक्कं कर’ कशाला म्हणालीस?”

“‘दुसरंही शिक’ म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं. तो फार हुशार आहे. मी घाबरले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.”

“‘मला विचारू नकोस’ म्हणता येत नव्हतं?”

“येत होतं,” ती म्हणाली.

मला राग आला. भाचीचा आला, त्या मेल्या खेळाचा आला, आणि त्या दिवशी डबा हातात घेऊन मख्खासारखी उभी राहिले म्हणून माझा मलाही आला. मी तिला झापलं. म्हटलं, “आता रडून उजेड पाडू नकोस. तो विमानात बसायच्या आत त्याला जाऊन सांग. शिव्या देईल, खाऊन घे. तुझ्या वाटणीच्या आहेत.”

तो निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. ओटीवर बॅग उघडी पडली होती. जवेरिया आत स्वयंपाकघरात सुक्या जवळ्याची चटणी पिशव्यांत भरत होती. अफान कपड्यांच्या घड्या घालत होता. क्षिप्रा त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. आडवळण घेतलं नाही, कंपनीवर ढकललं नाही. नाखव्याचं मीच सांगितलं, बदल मीच सुचवला, एवढं बोलून थांबली.

अफान घडी घालतच राहिला. “बदल बरोबरच होता, ताई,” तो म्हणाला. “ती युक्ती फारच भारी होती. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.” आणि तो चक्क थोडा हसला. मला वाटलं, सुटली पोरगी.

मग त्याचे हात थांबले.

“मी डबा घेऊन आलो होतो, तुला विचारलं होतं. तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

त्याने मान खाली घातली.

“कमलेश माझ्यासाठी थांबला होता,” तो म्हणाला. “दोघं मिळून शिकू म्हणाला होता. मी त्याला सांगितलं, नको, क्षिप्राताईंनी सांगितलंय.”

क्षिप्रा तोंडावर हात धरून रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, आवाज काढून. तेवढ्यात जवेरिया दुपट्ट्याला हात पुसत बाहेर आली. एकदा क्षिप्राकडे बघितलं, एकदा मुलाकडे.

“काय रे, काय झालं हिला?”

मी अफानकडे बघितलं. आता हा सांगणार, आणि सांगावंच त्याने, असं मला खरंच वाटलं. आमचा कुंपणावरचा शेजार गेला तर गेला.

“काही नाही, अम्मी,” अफान म्हणाला. “मी जातोय ना, म्हणून.”

जवेरियाचे डोळे भरून आले. ती क्षिप्राशेजारी बसली, तिला जवळ ओढून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “सख्ख्या बहिणीचं काळीज आहे गं तुझं. नको रडू. दोन वर्षांनी रजा मिळेल त्याला, इन्शाल्ला.”

अफानने पुढचा शर्ट उचलला आणि त्याची घडी घालायला लागला.