आधी हात धुऊन ये

लहानपणी मला कामाला जुंपलं होतं, त्या कारखान्यातून मी सुमनबाईंमुळे सुटले. आधी त्या शाळेत शिकवायच्या. वर्गातली मुलं एकेक करून कामाला नेली जाऊ लागली, तेव्हा त्या वकील झाल्या. माझी शाळा सहावीतच सुटली. आज गावापासून इतक्या लांब, कोर्टाच्या बाकावर मी छोट्या राणीशेजारी बसले होते. तिला कामाला ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध तिची साक्ष होती. समोर तोच मालक बिस्किटाचा पुडा पुढे करत हसला. "घे गं, आपण काय परके आहोत?"

धमकी इतकी गोड बोलते, म्हणून तर मुलं गप्प होतात. राणीचा हात पुढे झाला.

शाळेत खिचडी वाढताना म्हणायच्या त्याच आवाजात पलीकडे बसलेल्या बाई म्हणाल्या, "आधी हात धुऊन ये."

राणी नळाकडे गेली. मालकही हसतहसत उठला. मग मीही उठले आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

बाई, तुम्ही थकाल तेव्हा अशा पोरींसोबत मी उभी राहीन. तुमचं ऋण मी असंच फेडीन.