ग्लोरिया टीचर पाण्यात उतरल्या

गिरीज गावच्या ग्लोरिया टीचर शाळेत भूगोल शिकवायच्या आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की 'करून बघू' नावाचा मुलांचा गट चालवायच्या. तिथे फळा नव्हता. मुलं फ्यूजची तार बदलायची, सायकलचं पंक्चर काढायची, मोडलेल्या हाताला पट्टी कशी बांधायची ते एकमेकांच्या हातावर शिकायची.

अठ्ठ्याण्णव साली टीचरांनी गटात पोहण्याचा वर्ग सुरू केला. शेजारच्या फेबियनच्या वाडीत बावखल होतं, केळी-नारळींना पाणी पुरवणारं जुनं तळं. काठाला उथळ, मधे दोन पुरुष खोल. टीचरांचा धाकटा भाऊ प्लासिड नऊ वर्षांचा असताना अशाच एका बावखलात बुडाला होता. त्या तेव्हा काठावर उभ्या होत्या, पोहता येत नव्हतं. अजूनही येत नव्हतं. पण हे मुलांना ठाऊक नव्हतं.

फेबियन पाण्यात उतरून शिकवायचा. टीचर काठावरून डोकी मोजायच्या. अकरा. परत अकरा. शनिवारपासूनच त्यांना घास गिळवत नसे.

मे महिन्यातल्या एका रविवारी डोकी दहाच भरली.

"फेबियन, आर्या कुठंय?"

"आता तर हितंच होती, टीचर!"

आर्या आचोळ्याहून बसने येणारी, फ्लॅटमधली, तेरा वर्षांची, अबोल. तिच्या चपला पायरीवर होत्या. टीचरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. फेबियनने बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली. हातात नुसता चिखल. तिसऱ्या बुडीला टीचरांना काठावर राहवेना. नेसत्या साडीनिशी त्या आत शिरल्या. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि पायाखालची जमीनच गेली.

उन्नती नावाच्या मुलीने दोरी फेकली. शिकवलं होतं तशीच, माणसाच्या अंगावर नाही, पलीकडे. टीचरांच्या हाताला ती लागली. पोरांनी ओढून त्यांना काठावर घेतलं.

तेवढ्यात तिला शोधायला गेलेला गटातला डेरिक तिला मागे बसवून सायकल दामटत आला. आर्या बसथांब्यावर सापडली होती. अनवाणी, कोरडी ठणठणीत. पाण्याला घाबरून ती गुपचूप निघून गेली होती.

टीचरांचा हात तिच्यावर उगारला गेला, पण तसाच खाली आला.

"सांगायचं तरी गं!"

"सगळे हसले असते," आर्या रडत म्हणाली.

"मला पोहता येत नाही," टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या. कोणीच हसलं नाही.

संध्याकाळी आर्याचे वडील श्रीरंग येऊन उभे राहिले. "स्वतःला पोहता येत नाही आणि आमच्या पोरींना पाण्यात घालता?"

चार मुलांची नावं पालकांनी काढून घेतली. पोहण्याचा वर्ग टीचरांनी स्वतःच बंद केला. सुट्टी होती, तेव्हा रोज सकाळी पाठीला रिकामा डबा बांधून त्या फेबियनकडून शिकू लागल्या. वय सेहेचाळीस. नाकातोंडात पाणी जाई. शेजारणी कुंपणावरून बघत.

नवव्या दिवशी श्रीरंग आर्याला घेऊन आले. "टीचर उतरतात तर मीपण उतरते म्हणते," ते नाइलाजाने म्हणाले.

टीचरांनी तिचा हात धरला. दोघी एकेक पायरी उतरत गेल्या. श्रीरंग बूटही न काढता काठावर बसले, आणि तासभर त्यांनी दोघींवरची नजर हलवली नाही.