मारुतीपुढं थांबलेली घोडी

रविवारी धाकट्या भावासाठी मुलगी बघायला जायचं होतं. पण पाच वर्षांत स्थळं बघून बघून त्याचा पार चोथा झाला होता. शेती म्हटलं की नकार! त्यामुळं गडी ‘येतो’ही म्हणेना आणि ‘न्हाई’ही म्हणेना. जरा फिरवला तर कबूल होईल, म्हणून आदल्या दिवशी मी त्याला खर्ड्याच्या किल्ल्याकडं घोड्यावर बसायला नेलं.

घोडेवाल्याची जनावरं एरवी लग्नांत जातात. मला तपकिरी घोडा मिळाला, भावाला पांढरी घोडी. किल्ल्याच्या बाजूनं सकाळभर हिंडलो. माझं कंबरडं मोडलं, तो मात्र ऐटीत बसला होता. बरं वाटलं बघून.

परतताना गावात शिरलो आणि घोडी आपसूक वळली. थेट मारुतीच्या देवळापुढं जाऊन उभी! लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला आणतात, तीच तिची सवय. घोडेवाल्यानं लगाम ओढला, तरी ती ढिम्म.

“नवरदेव पाया पडल्याबिगर हलायची न्हाई ती,” तो म्हणाला.

पारावरची माणसं पोट धरून हसायला लागली. “नवरदेव, वऱ्हाड कुठं हाय? का करवलीच आलीय एकटी?”

माझं डोकंच फिरलं. “घरात लग्नाच्या पोरी असतील तर बोला, न्हाईतर गप बसा!”

भाऊ उतरला, पाया पडला, परत बसला. घोडी मुकाट चालायला लागली.

दुपारी रस्त्याकडेच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी मागवली. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, “ताई, घोडीवर बसून झालं, मारुतीबी झाला. आता बास. उद्याचं मोड.”

मी भांडले, रडले, आईचं नाव काढलं. तो जेवत राहिला. शेवटी मीच बाहेर जाऊन मुलीच्या मामांना फोन लावला. उद्या आम्ही येत नाही म्हटलं.

“बरं झालं तुमीच फोन केला,” मामा म्हणाले. “आमी करनारच हुतो. पोरगीच न्हाई म्हनतीया.”

मेल्यांनो, निदान काल तरी सांगायचं! मी डोळे पुसून आत आले.

“काय म्हनले?” भावानं विचारलं.

“लई वाईट वाटलं त्यांना. परत परत विचारत होते, काय चुकलं म्हणून.”

त्यानं हातातला घास खाली ठेवला. “आपुन पयल्यांदाच न्हाई म्हनलो गं,” तो म्हणाला. आणि हसून अजून एक भाकरी मागवली.